घूं करते, पण फिरत नाही

आईला फोनवर काही सांगायचं असलं की ती सांगत नाही, ऐकवते. कुकरची शिट्टी नीट होत नसली तर फोन कुकरपाशी धरते. पंखा खडखडायला लागला तर फोन डोक्यावर उंच धरून उभी राहते आणि म्हणते, "ऐक आणि सांग." त्या सकाळी मी डबा भरत होते. फोन उचलला तर कानात नुसतं घूंऽऽ. मध्ये थांबलं, पुन्हा घूंऽऽ.

"मशीन का गं?" मी विचारलं.

"दुसरं काय असणार. पाण्याचा दिवस, आणि हिनं आजच अंग टाकलं."

खरं सांगते, मला आनंद झाला. आईची पंचाईत झालीय, कपडे भिजून पडलेत, हे सगळं नंतर डोक्यात आलं. आधी कान टवकारले. आमच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली यंत्रमाग धडधडायचे आणि त्यांच्या मोटारी दुखणाईत माणसांसारख्या आमच्या दुकानाबाहेर ओळीनं पडलेल्या असायच्या. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. दादा वार्निशच्या वासानं नाक धरून बाहेर उभा राहायचा, आणि मला तोच वास लई आवडायचा. पुढं मी कॉलेजच्या ऑफिसात चिकटले, टायपिंग आणि फायलींत जन्म चालला, पण हाताची खाज काही गेली नाही. सासर सोलापुरातच, तिथं मिक्सर, कूलर, पाण्याची मोटार, सगळं मीच उघडते. नवरा म्हणतो, पाहुणा दारात आला तरी ही आधी त्याच्या गाडीचं इंजिन ऐकते.

आणि घूं करते, पण फिरत नाही, हे तर मोटारीचं सगळ्यात छान दुखणं. मोटार मेली असेल तर ती गप्प बसते. घूं करते म्हणजे आत करंट पोचलाय, तिला फिरायचंय, कुणीतरी अडवलंय. कुणी, तेवढं शोधायचं.

पण या वेळी नुसत्या मशीनचा प्रश्न नव्हता. आई एकटी राहते. वडील गेल्यापासून दादा तिला पुण्याला चल म्हणतोय. त्याचा फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. आई एकदा जाऊन महिनाभर राहून आली आणि परत आल्यावर मला म्हणाली, "तिथं सगळी चांगली हायत गं. पण मला कुणी काही करूच देत नाहीत. नुसतं बसा म्हणतात. बसून बसून मी पाव्हणी झाले." इकडं गल्लीत तिचं राज्य आहे. संध्याकाळी उंबऱ्यात शेंगा फोडत बसते, शेजारच्या तेलुगू अक्कांशी निम्मं मराठी, निम्मं तेलुगू असं काहीतरी बोलते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून चौकशा करते. हे सोडून जायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळतं.

दोघांत शेवटी एक तह झाला होता. जोवर तुझं तुला होतंय तोवर राहा, असं दादा म्हणाला होता. मनगटं दुखायला लागली, कपडे पिळणं होईना, तेव्हा त्यानंच हे दोन टबांचं मशीन घेऊन दिलं. म्हणजे मशीन चालतंय तोवर आई सोलापुरात. मशीन बंद पडलं की दादाची गाडी दारात. आईनं फोन आधी मला केला आणि त्याला केला नाही, यातच काय ते आलं.

पण निरोप त्याला पोचायचा तो पोचलाच. आईनं घाबरून दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्यानं मशीन लावून पाहिलं, मोटार जळली म्हणाला, नवीन बसवा नाहीतर एक्सचेंजमध्ये देऊन टाका. तेवढ्यात दादाचा रोजचा फोन आला आणि त्यानं तेच वाक्य पलीकडून ऐकलं. झालं. "बघ आई," तो म्हणाला, "आता नवीन मशीन कशाला? तूच चल."

हे कळल्यावर माझं डोकं सणकलं. जळलेली मोटार कुणी न उघडता सांगतं का? त्या माणसाचाही दोष नाही म्हणा, पाण्याच्या दिवशी सगळ्या शहराची मशीनं एकदम चालतात आणि एकदमच बंद पडतात, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण मला होती. रविवारी मी वडिलांचा काट्याचा मीटर पिशवीत टाकून आईकडं गेले.

आईनं दार उघडलं तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या, पातेली, टोप, पिठाचा रिकामा डबा, सगळं पाण्यानं भरलेलं. "एवढं कशात कशात भरून ठेवलंयस?" मी म्हटलं. "पाणी परवा येणार की," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायला लागली. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं भरलेल्या भांड्यांचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

मशीन अंगणातल्या नळाशेजारीच, पत्र्याच्या सावलीत असतं. प्लग काढला, मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पत्रा सोडवला आणि आधी नाक आत घातलं. जळक्या मोटारीचा वास लपत नाही. करपलेलं वार्निश घशात बसतं. इथं साबणाचा वास होता, ओलसर कुबट वास होता, पण करपल्याचा नव्हता. कंडेन्सरला बल्ब लावून त्यातला उरलासुरला करंट काढून टाकला आणि मीटरच्या तारा मोटारीला लावल्या. धुण्याच्या मोटारीला दोन्हीकडं सारखं फिरायचं असतं, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग सारख्या तारेची असतात. काटा एकावर जिथं थांबला तिथंच दुसऱ्यावरही थांबला. मी तिथंच फरशीवर बसून हसायला लागले.

"काय झालं?" आई घाबरली.

"जळलेली नाही. तुझी मोटार शाबूत आहे."

आईनं पदर तोंडाला लावला. मग लगेच म्हणाली, "मग फिरत का नाही?"

कंडेन्सर तपासला तर मेलेला नव्हता, पण अशक्त झालेला होता. मोटारीला पहिला धक्का तोच देतो. तो अशक्त झाला की मोटार घूं करते आणि जागेवर राहते. लक्षणं जुळली. मी स्कूटर काढली, बाजारातून नवा आणला, लावला, टबात बादलीभर पाणी ओतून बटण फिरवलं. मशीन गरकन फिरलं. एकदा इकडं, एकदा तिकडं. मी आईला हाताला धरून अंगणात एक गिरकी घेतली. ती "अगं पडशील, पडशील" म्हणत हसत होती आणि मला तिची मनगटं हातात किती हलकी लागतात ते तेव्हाच जाणवायला हवं होतं. मी दादाला फोन करून चार शब्द सुनावले. विजयाच्या भरात मी जरा जास्तच बोलते.

पुढचं पाणी आलं, मशीन नीट चाललं. त्याच्या पुढचं पाणी आलं आणि फोनमध्ये पुन्हा घूंऽऽ.

या वेळी आई नुसता फोन धरून उभी राहिली असणार. मग हळूच म्हणाली, "तुझ्या दादाला मी सांगितलं. शनिवारी येतोय गाडी घेऊन. राहू दे आता बाई, तू कुठवर पुरी पडशील?"

माझी आई हार मानते हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या आवाजाचीच भीती वाटली. मोटार गेली खड्ड्यात, पण ती अशी बोलायला नको होती.

शनिवारी दादा दुपारपर्यंत पोचणार होता. मी सकाळीच जाऊन धडकले. पुन्हा अंगणभर भांडी भरलेली, कोपऱ्यात तिची बॅग अर्धी भरलेली. बॅगेकडं मी बघितलंच नाही. सरळ मशीन ओढलं आणि जे मागच्या वेळी केलं नव्हतं ते केलं. पट्टा काढला. मोटारीवरून टबाच्या चकतीकडं जाणारा रबरी पट्टा. आता मोटार एकटी आणि चकती एकटी. चकती बोटानं ढकलली, भुर्रकन फिरली. मोटारीची पुली धरली, तर हलेना. दोन्ही हातांनी पिळली तेव्हा कर्रर्र करून थोडी सरकली.

अडवणारा सापडला होता. बेअरिंग गंजून घट्ट झालं होतं. म्हणूनच नव्या कंडेन्सरनं जोरात धक्का दिल्यावर ती काही दिवस फिरली आणि गंज आणखी वाढल्यावर पुन्हा अडली. कोडं असं सुटायला लागलं की मला जेवण सुचत नाही, पाणी सुचत नाही. मी बॅटरी घेऊन मशीनखाली आडवी झाले. टबातून खाली येणाऱ्या दांड्याजवळ एक तांबूस थेंब लोंबत होता. बघता बघता तो सुटला आणि मोटारीच्या डोक्यावर पडला. दांड्याभोवतीचं रबरी सील झिजलं होतं.

पण माझं समाधान होईना. धुवायला पाणी टबात असतं किती वेळ? अर्धा तास, फार तर. तेवढ्यात दोन-चार थेंब गळतील नि वाळून जातील. इथं तर बेअरिंगवर गंजाचे पापुद्रे निघाले होते. ही मोटार रात्रंदिवस ठिबकत्या पाण्याखाली राहिल्याशिवाय अशी होणार नाही. मी उठले आणि टबात डोकं घातलं. टबाच्या अगदी काठाशी, धुण्याच्या खुणेच्या बरंच वर, क्षाराची पांढरी रेघ होती. गोल, पूर्ण. अशी रेघ मी जन्मभर बघत आले होते, पण मशीनमध्ये नव्हे. ती पिंपात पडते, साठवलेल्या पाण्याच्या काठानं.

मी वळून पिंपाकडं बघितलं. आमचं पिंप अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर असतं. झाकण उचललं. आत कोरडं ठणठणीत, आणि तळाशी कोळ्याचं जाळं.

"आई," मी म्हटलं, "पिंप कधीपासून रिकामं आहे?"

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पळून जायला जागा नव्हती म्हणून रागावली. "असू दे की रिकामं. तुला काय करायचंय?"

"तू मशीनमध्ये पाणी साठवतीस?"

"मग काय करू?" ती एकदम फुटली. "भरलेली बादली उचलत नाही मला. ओट्यापर्यंत न्यायची, वर उचलून पिंपात ओतायची, कसं करू? मशीन नळापाशी आहे. त्याची नळी नळाला लावली की आपोआप भरतं. लागेल तसं खालच्या पाइपातून तांब्याभर सोडून घेते. वर टॉवेल टाकते. पाणी स्वच्छ राहतं. कुणाचं काय बिघडलं?"

बिघडलं होतं मोटारीचं. अंगणातली ती सगळी भांडी मला आता नीट दिसली. आमच्यापैकी कुणी येणार म्हटलं की ती आदल्या दिवशी टब रिकामा करायची, तांब्यातांब्यानं, डब्याडुब्यांत, आम्हाला कळू नये म्हणून. मला तिचा इतका राग आला की रडू आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मला तिचं कौतुकही वाटत होतं. नळापासून हात न लावता भरणारी, बटण फिरवलं की रिकामी होणारी टाकी तिनं शोधून काढली होती. वडिलांना हे सांगितलं असतं तर ते दिवसभर हसले असते.

"त्याला सांगू नको," आई म्हणाली. "हात गेले म्हणेल. नेईल मला. मला जायचं नाही गं."

मी मोटार खोलून मांडीवर घेऊन बसले होते, हात कोपरापर्यंत काळे, तेव्हाच दादा आला. त्यानं आईच्या पाया पडल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "काय निघालं?"

आई माझ्याकडं बघत होती. माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला माहीत आहे. आणि लपवून तरी काय होणार होतं? पुढच्या पाण्याला पुन्हा घूं, आणि मग पुन्हा लपवाछपवी. मी सगळं सांगून टाकलं. सील, थेंब, गंज, पांढरी रेघ, पिंप.

दादानं पिंपाचं झाकण उघडून बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे बादलीसुद्धा उचलत नाही तिला. आणि तू म्हणतीस राहू दे. बॅग भर आई."

"थांब," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "मोटारीला कुणीतरी जळली म्हटलं की तू लगेच भंगारात काढलीस. ती जळली नव्हती, अडली होती. हिचं मनगट अडलंय. बाकी ही पोळ्या करते, गल्लीवर राज्य करते, आणि तुला आणि मला मिळून महिनाभर चकवते. हिला टाकून द्यायला झालंय का?"

"टाकून कोण देतंय? माझ्या घरी नेतोय."

"मला तिथं नुसतं बसवता रे तुम्ही," आई म्हणाली. तिनं हे त्याला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. तिची नजर जमिनीवर होती. "लई चांगलं वागवता. पण बसवून ठेवता."

दादाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, कारण त्याचाही जीव तुटत होता, फक्त त्याला घूं करता येत नाही. तो गाडीची किल्ली हातात फिरवत राहिला. मग मला म्हणाला, "ते बेअरिंग कुठं मिळतं?"

मी काळ्या हातानंच चप्पल घातली.

त्याच्या त्या गुळगुळीत गाडीत मी वर्तमानपत्र अंथरून बसले, मांडीवर गंजलेलं बेअरिंग. वडिलांच्या दुकानाच्या गल्लीतून गेलो. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दादानं गाडी हळू केली, पण थांबवली नाही. मागच्या गल्लीत मागाचे सुटे भाग विकणारे अजून टिकून आहेत, तिथं बेअरिंग मिळालं, आणि सील शेजारच्या दुकानात. परत येताना दादा दुसऱ्याच एका दुकानापुढं थांबला आणि आत जाऊन लांबच लांब पाइप, एक जोडणी आणि पिंपाला खाली बसवायची तोटी घेऊन आला. मी तोटी बेअरिंगशेजारी मांडीवर घेतली.

दुपारभर अंगणात आम्ही दोघं भावंडं. मी नवं बेअरिंग लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकत होते आणि तो दांडा धरून बसला होता. "वाकडा धरू नको," मी ओरडले. "बाबा असंच ओरडायचे," तो म्हणाला, "म्हणून मी बाहेर उभा राहायचो. वास बहाणा होता." इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मग त्यानं पिंप घासलं, तोटी बसवली, नळापासून भिंतीच्या कडेनं पाइप नेऊन पिंपात सोडला. आता नळ सुरू केला की पिंप भरणार आणि तोटी फिरवली की तांब्यात पाणी. आई स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. पाइप दारातून नको, पाय अडकेल. तोटी जरा वर हवी, वाकता येत नाही. दादा तसतसं करत होता.

नवं सील घातलं, मोटार बसवली, पट्टा चढवला. अंगणातली डबडी एकेक करून टबात रिकामी केली. प्लग लावला आणि बाजूला झाले. "तू फिरव," मी आईला म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी बटण फिरवलं. घूं झालंच नाही. मशीन सरळ फिरायलाच लागलं, पाण्याला भोवरा पडला, थांबलं, उलटं फिरलं. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, लहान पोरीसारख्या. अक्का भिंतीवरून डोकावून बघून गेल्या.

दादा रात्री राहिला आणि सकाळी निघाला. बॅगेतल्या साड्या आईनं कधी परत कपाटात लावल्या ते आम्हाला दिसलं नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, "टबात पाणी ठेवायचं नाही."

पुढच्या पाण्याला मी मुद्दाम आईकडं गेले होते. पिंप भरत होतं, मशीन चालू होतं, आणि आईनं पुण्याला फोन लावून तो मशीनपाशी धरला होता. "ऐक," ती म्हणाली.

पलीकडून दादाचा आवाज आला, "अजून बराच आवाज करतंय गं."

"करू दे की," आई म्हणाली. "माझ्या घरात करतंय."